धारवाडचे माप

शिरड शहापुरास आमच्या जुन्या घरात बळदाच्या तोंडाशी एक पायली पडलेली असे. लाकडाची, काठाला लोखंडी पट्टी मारलेली, बूड झिजलेले. ती वापरातून गेल्यानंतरचे दिवस आम्ही पाहिले, परंतु वडिलांच्या पिढीची माणसे धान्याचा हिशेब तोंडी करताना तिच्याच भाषेत बोलत, आणि परगावच्या कोणी ज्वारीचा भाव पुसला, तर भाव सांगण्यापूर्वी "कोणत्या गावची पायली?" असा उलट प्रश्न करीत. औंढ्याची पायली आणि वसमतची पायली एकच भरेल अशी हमी कोणी देत नसे. त्या मंडळींपैकी बहुतेकांस अक्षरओळख नव्हती. तरीही माप हे कोणीतरी, कोठेतरी, कशाच्या तरी आधाराने ठरविलेले असते, एवढे त्यांस पक्के ठाऊक होते.

ह्या पायलीची आठवण होण्यास एक कागद कारण झाला. २०१४ साली गावातील एक किराणा दुकानदार तो कागद घेऊन आमच्याकडे आले. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा शाळेत मागे पडत होता. कोणीतरी सुचविल्यावरून त्यांनी त्यास मोठ्या शहरी नेऊन त्याची बुद्धी मोजवून आणली होती. कागदावर मुलाचे वय नऊ वर्षे तीन महिने, मानसिक वय सहा वर्षे दहा महिने, आणि खाली ठळक आकडा चौऱ्याहत्तर. बाप बिचारा गोंधळला होता. म्हणाला, "सर, शंभरात चौऱ्याहत्तर म्हणजे पोरगं फर्स्ट क्लासात पास झालं की! मंग मास्तर त्याला ढ कामून म्हणतेत?"

आम्ही हसलो नाही. कॉलेजात तीस वर्षे आकड्यांच्या संगतीत घालविलेल्या आमच्यासारख्यासही त्या चौऱ्याहत्तराचे पुरते उत्तर तेथल्या तेथे देता आले नाही. हा आकडा शंभरपैकी नव्हे, हे सांगणे सोपे होते. मग तो कशापैकी? कोणाच्या तुलनेत? कागदाच्या माथ्यावर मापाचे नाव छापले होते, बिने-कामत. ह्या जोडनावातील पहिला गृहस्थ पॅरिसचा आणि दुसरा आमच्या जुन्या मुंबई इलाख्यातला. ह्या दोन नावांमधील अंतर चालून पाहिल्यावाचून त्या बापास उत्तर देता येणार नाही असे वाटले, आणि हा लेख त्या चालण्यातूनच निघाला आहे.

पॅरिसपासून आरंभ करू. १९०४ साली फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांनी एक कमिशन नेमले. सक्तीच्या शिक्षणामुळे सर्व थरांतील मुले शाळेत येऊ लागली होती आणि त्यांतील काहींस नेहमीच्या वर्गात काही केल्या शिकता येत नव्हते. अशी मुले ओळखून त्यांच्यासाठी निराळी सोय करावयाची होती. ओळखणार कोण? मास्तर? मास्तरांच्या डोळ्यांत दंगेखोर मुलगा आणि मंद मुलगा पुष्कळदा एकच असतो. ह्या कामी अल्फ्रेद बिने पुढे आले. पूर्वी त्यांनी मुलांची डोकी मोजून पाहिली होती. कवटीच्या घेराचा आणि हुशारीचा मेळ बसेल ह्या आशेने. तो बसला नाही, आणि आपल्याच मोजण्यात आपल्याच अपेक्षा डोकावतात की काय अशी शंका येऊन त्यांनी तो नाद सोडला. स्वतःच्या हाताने घेतलेल्या मापावर अविश्वास दाखविणारा शास्त्रज्ञ विरळा, आणि आमच्या मते बिनेंचा खरा मोठेपणा येथून सुरू होतो.

१९०५ साली थिओडोर सिमों ह्यांच्या साहाय्याने त्यांनी तीस प्रश्नांची एक मालिका सिद्ध केली. त्या प्रश्नांत विद्वत्तेचे असे काही नव्हते. नाकाकडे बोट दाखव, तीन आकडे ऐकून पुन्हा म्हण, दोन रेघांतील लांब कोणती ते सांग, चित्रात काय दिसते ते बोल. १९०८ च्या सुधारलेल्या आवृत्तीत त्यांनी हे प्रश्न वयांवर वाटून दिले. एखादा प्रश्न सात वर्षांच्या बहुतेक मुलांस सुटतो आणि सहा वर्षांच्या बहुतेकांस सुटत नाही, तर तो सातव्या वर्षाचा. एवढीच युक्ती, परंतु ती विलक्षण होती. बुद्धी म्हणजे काय ह्या प्रश्नाचे उत्तर न देताच तिचे माप तयार झाले, आणि त्या मापाचा गज कोणत्याही धातूचा नसून इतर मुलांचा होता. पॅरिसच्या मुलाची लांबी पॅरिसच्या मुलांनीच मोजावयाची.

बिने १९११ मध्ये वारले. त्यापूर्वी दोनच वर्षे लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी, मुलाची बुद्धी ही जन्मतः ठरलेली आणि न वाढणारी गोष्ट आहे असे मानणाऱ्यांस कडक शब्दांत खोडून काढले होते आणि मंद मुलांसाठी मनाची तालीम सुचविली होती. त्यांनी मानसिक वय सांगितले, पण एक आकडा देऊन मुलास निकालात काढले नाही. ते काम इतरांनी केले. १९१२ साली विल्यम स्टर्न ह्या जर्मन पंडिताने मानसिक वयास खऱ्या वयाने भागावे असे सुचविले. १९१६ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लुईस टर्मन ह्यांनी त्या भागाकारास शंभराने गुणून अपूर्णांक घालविला, आणि बुद्धिगुणांक जन्मास आला. सहा वर्षे दहा महिने म्हणजे ब्याऐंशी महिने. नऊ वर्षे तीन महिने म्हणजे एकशे अकरा. ब्याऐंशीस एकशे अकरांनी भागून शंभराने गुणा, आमच्या दुकानदाराच्या मुलाचे चौऱ्याहत्तर हाती येतात. तिसरीच्या मुलास येणारे हे गणित आहे, आणि त्यातच त्याचा धोका आहे. कारण ज्याला ते करता येते त्याला ते कळले असेही वाटू लागते.

टर्मन ह्यांचे माप कॅलिफोर्नियातील सुमारे हजार मुलांवर बसविले होते. १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली, तेव्हा टर्मनादी मंडळींनी केलेल्या चाचण्यांतून सुमारे साडेसतरा लक्ष सैनिकांस काढण्यात आले, आणि मग त्या आकड्यांवरून कोणत्या देशचे लोक जात्याच बुद्धिहीन ह्याचे कोष्टक मांडणारे पुढे आले. त्यांतील अग्रणी कार्ल ब्रिगॅम ह्यांचे पुस्तक १९२३ चे. इंग्रजी न समजणाऱ्या इटालियन वा पोलिश माणसास अमेरिकन खेळांची नि कारखान्यांची माहिती पुसून त्याच्या वंशाची किंमत ठरविण्याचा हा प्रकार होता. १९३० मध्ये ब्रिगॅम ह्यांनी स्वतःच हे निष्कर्ष निराधार असल्याचे छापून कबूल केले. परंतु १९२४ चा बाहेरच्या लोकांस मज्जाव करणारा कायदा तोवर होऊन गेला होता. कबुली मागाहून आली आणि जहाजे त्यापूर्वीच परत फिरली होती.

अशा वेळी हे माप हिंदुस्थानात आले. पहिला नाव घेण्याजोगा प्रयत्न लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजातील हर्बर्ट राइस ह्यांचा, १९२२ च्या सुमारचा, भाषा हिंदुस्थानी. आपल्याकडील प्रयत्न डॉ. वि. वि. अथवा व्ही. व्ही. कामत ह्यांचा. मुंबई इलाख्यातील धारवाडकडच्या भागात, कानडी आणि मराठी बोलणाऱ्या हजाराहून थोड्या अधिक मुलांस प्रश्न विचारून त्यांनी स्टॅनफर्डच्या मापाची नवी मांडणी केली. १९३४ साली तिचा वृत्तान्त शिक्षणविषयक मानसशास्त्राच्या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि १९४० मध्ये हिंदी मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचे पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढले. ह्या मांडणीस मुंबई-कर्नाटक आवृत्ती असे नाव पडले. बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे इलाख्याचे कानडी जिल्हे तेव्हा मुंबई-कर्नाटक म्हणूनच ओळखले जात.

"भाषांतर केले असेल, त्यात काय एवढे?" असे कोणी म्हणेल. ह्याच गैरसमजापायी कामतांचे काम आजवर दुय्यम लेखले गेले, म्हणून येथे थोडे थांबणे अवश्य आहे.

टर्मन ह्यांच्या मापातील काही प्रश्न पाहा. सातव्या वर्षी मुलास दोरीची फुलगाठ मारता आली पाहिजे. ज्या देशात पोर चालू लागले की नाडीचा जोडा पायात येतो, तेथे हे सातव्या वर्षाचे काम आहे. जेथे निम्मा वर्ग अनवाणी येतो तेथे ते कितव्या वर्षाचे? आठव्या वर्षी जहाज आणि मोटार ह्यांत सारखेपणा कोणता ते सांगावयाचे. नवव्या वर्षी यमके जुळवावयाची. इंग्रजीत यमक शोधावे लागते. मराठीत ते पुष्कळदा शब्दाच्या शेपटाला आपणच लागून येते, आणि आजीच्या ओव्या ऐकत जात्यापाशी निजलेल्या मुलास त्याचे कौतुक नाही. आठव्याच वर्षी वीसपासून एकपर्यंत उलटे आकडे म्हणावयाचे. येथे तर मराठी आणि कानडी एका बाकावर बसलेली दोन मुलेही सारखी राहत नाहीत. कानडीत एकोणीस म्हणजे सरळ दहा आणि नऊ. मराठीत तो विसाला एक उणा. मराठी मुलगा वीस म्हणून खाली उतरू लागतो आणि पहिल्याच पायरीवर त्यास विसाचाच आधार घेतलेला शब्द भेटतो. हा अडथळा की मदत, हे खुर्चीत बसून कोणास सांगता येईल? मुलांस विचारूनच पाहावे लागते.

विचारून पाहणे, हेच कामतांचे काम. प्रश्न मराठीत आणि कानडीत आणला की तो सोपा झाला असेल किंवा अवघड. तेव्हा त्याचे मूळ वय विसरून जावयाचे. तो प्रश्न सहा वर्षांच्या मुलांस, सातांच्या, आठांच्या, अशा क्रमाने घालावयाचा, प्रत्येक वयात शेकडा किती मुलांस तो सुटला ते मांडावयाचे, आणि येथील मुले ज्या वयाला तो बहुतांशी सोडवितात तेथे त्यास नेऊन बसवावयाचे. एकेका मुलापाशी एकट्याने बसावे लागते. वर्गाची एकदम परीक्षा घेता येत नाही. घाबरलेल्या मुलास बोलते करावे लागते, उत्तर शब्दशः टिपून घ्यावे लागते. हजार मुलांशी हे करणे म्हणजे कित्येक महिन्यांचे बैठे श्रम होत, आणि त्यांच्या शेवटी हाती काय, तर एक कोष्टक. परंतु ते कोष्टक उभे राहिले त्या दिवशी धारवाडच्या मुलाची तुलना कॅलिफोर्नियाच्या मुलाशी करण्याचे कारण संपले. परक्याची पायली परत करून गावची पायली घडविली गेली. साम्राज्याच्या त्या काळात, जेव्हा येथल्या माणसाची कवटी, नाक आणि कुवत ही सारी परक्या गजाने मोजली जात होती, तेव्हा हे काम दिसते त्याहून पुष्कळ मोठे होते.

तरीपण ते सर्व मराठी मुलांचे माप झाले काय? ह्या ठिकाणी आम्हांस आमच्या गावाची बाजू मांडू द्यावी.

१९३४ साली शिरड शहापूर मुंबई इलाख्यात नव्हते. ते निजामाच्या राज्यातील परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा निराळा झाला तो १९९९ मध्ये. येथील मुलाच्या घरची भाषा मराठी; परंतु सरकारची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, आणि हैदराबादेत १९१८ पासून युनिव्हर्सिटीसुद्धा उर्दूची. नाण्यांचाच प्रश्न घ्या. नाणी ओळखणे आणि मोड देणे हे बिने-टर्मनांच्या मापातील जुने प्रश्न. इंग्रजी मुलखातील मराठी मुलाच्या हाती कलदार रुपयाचे नाणे येई, आमच्याकडे हाली सिक्का चाले. आणि सहा कलदार रुपयांस सात हाली असा त्यांचा भाव होता. एकाच भाषेची, एकाच पंढरीच्या वाटेवरची दोन मुले, आणि त्यांचा रुपयासुद्धा एक नव्हता! कामतांच्या मापावर 'मराठी बोलणारी' असे लिहिले आहे ते खोटे नाही. मात्र ते मराठी धारवाडकडचे, शहराजवळचे, शाळेत पोचलेल्या मुलांचे. नरसीचे, औंढ्याचे, शिरडचे मराठी त्या कोष्टकात बसलेले नाही. ह्याचा दोष कामतांस देणे अन्यायाचे होईल. त्यांनी आपल्या मापावर आपल्या मुलखाचे नाव उघड घातले होते. मुंबई-कर्नाटक हे शब्द म्हणजे पायलीवर कोरलेले गावाचे नाव. ते पुढे पुसले गेले, आणि 'भारतीय मुलांचे माप' एवढेच लोकांच्या ध्यानी राहिले.

आता आमच्या विषयाची दुसरी बाजू, म्हणजे संख्याशास्त्राची. ह्या दोन बाजू एकमेकींच्या शेजारी राहूनही किती अनोळखी राहिल्या, ते पाहून खेद वाटतो. इंग्लंडात तसे नव्हते. चार्ल्स स्पिअरमन हे लष्करातील अधिकारी नोकरी सोडून लाइपझिगला मानसशास्त्र शिकण्यास गेले, आणि १९०४ साली, बिनेंचे कमिशन बसले त्याच साली, त्यांनी शाळेतील मुलांच्या निरनिराळ्या विषयांतील गुणांचा परस्परसंबंध मांडून त्यांच्या मुळाशी एक सामान्य शक्ती असावी असा सिद्धान्त काढला. घटक-विश्लेषण म्हणून संख्याशास्त्राची जी मोठी शाखा आज अर्थशास्त्रापासून प्राणिशास्त्रापर्यंत वापरली जाते, ती ह्या मुलांच्या गुणपत्रिकांतून उगवली. पुढे अमेरिकेत थर्स्टन ह्यांनी ती शक्ती एक नसून अनेक आहेत असे दाखविले, १९३५ मध्ये मनोमापनाची संस्था काढली आणि पुढल्या वर्षी तिचे नियतकालिक. थर्स्टन मुळात इंजिनिअर, काही काळ एडिसनच्या प्रयोगशाळेत काम केलेले. अशा रीतीने सैनिक, इंजिनिअर, मास्तर आणि गणिती एका टेबलाभोवती बसून भांडत, आणि त्या भांडणातून मापे सुधारत.

आमच्याकडेही सामग्री कमी नव्हती. १९२० साली नागपुरास भरलेल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस ह्यांची गाठ प्राणिशास्त्रज्ञ ॲनंडेल ह्यांच्याशी पडली. कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांची शरीरमापे ॲनंडेल ह्यांच्यापाशी पडून होती; ती तपासून द्या, अशी त्यांनी विनंती केली. त्या तपासणीतून १९३६ चे सुप्रसिद्ध 'अंतर' निघाले. दोन जनसमूह एकमेकांपासून किती दूर आहेत, हे अनेक मापे एकत्र धरून सांगणारे हे सूत्र आज जगभर महालनोबिसांच्या नावाने चालते. धारवाडच्या पूर्वेस हूविन हडगळी येथे १९२० मध्ये जन्मलेले सी. आर. राव ह्यांनी ते काम पुढे नेले, आणि १९५५ साली त्यांनी घटक-विश्लेषणावर लिहिलेला निबंध थर्स्टनप्रभृतींनी काढलेल्या त्याच नियतकालिकात आला. राव २०२३ मध्ये, वयाच्या एकशे तिसऱ्या वर्षात वारले. जगातील संख्याशास्त्रज्ञांत त्यांचे स्थान अगदी वरचे. पुण्यास डेक्कन कॉलेजाने १९५१ मध्ये इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर ह्यांचा महाराष्ट्रातील शरीरमापांवरचा ग्रंथ काढला. मानववंशशास्त्राची विदुषी आणि संख्याशास्त्राचा तरुण अभ्यासक ह्यांनी मिळून महाराष्ट्रातील माणसांची डोकी, नाके आणि उंची मोजली.

माणसांची नाके मोजण्यास संख्याशास्त्रज्ञ मिळाला आणि मुलांची बुद्धी मोजणाऱ्या कोष्टकास मात्र तो मिळाला नाही, हे आमचे दुखणे आहे. कामतांचे कोष्टक हे आरंभ म्हणून उत्तम होते. त्यापुढे दर पंधरा-वीस वर्षांनी कोणी तरी पुन्हा हजार मुलांपाशी बसावयास हवे होते. कोकणात, वऱ्हाडात, मराठवाड्यात. आणि कोणती मुले निवडावी ह्याचे गणित महालनोबिसांच्या शिष्यांस ज्ञात होते. नमुना पाहणीत तर ह्या देशाने जगास धडे दिले. पिकाची आणेवारी काढण्यासाठी शेताचा कोणता तुकडा कापावा ह्यावर जितका विचार आपल्याकडे झाला, त्याच्या दशांशही विचार हा आकडा कोणत्या मुलांवरून काढावा ह्यावर झालेला आमच्या पाहण्यात नाही.

काहीच झाले नाही, असे मात्र नव्हे. नागपुरास डॉ. आर्थर मालिन ह्यांनी वेक्स्लर ह्यांचे माप हिंदी मुलांसाठी बसविले. ते १९६९ चे. पुण्यास ज्ञान प्रबोधिनीने १९६२ पासून ह्या शास्त्राचे दुसरे टोक, म्हणजे असामान्य बुद्धीची मुले, हाती घेतले. आप्पा पेंडसे आणि मागाहून उषा खिरे ह्यांनी गिलफर्ड ह्यांच्या मताप्रमाणे बुद्धीचे अनेक पैलू वेगवेगळे मोजण्याची पद्धती मराठीत आणली. हुशार मुलांस अशी आस्था वाट्यास आली ह्याचा आम्हांस आनंदच आहे. मंद मुलांच्या वाट्यास बहुधा कामतांचे जुने कोष्टकच येत राहिले. १९६७ मध्ये त्या पुस्तकाची आणखी एक आवृत्ती निघाली. दवाखान्यांतून, शाळांतून, दाखले देणाऱ्या मंडळांपुढे ते माप वापरले जात राहिले आणि आजही कित्येक ठिकाणी वापरले जाते. सोपे आहे, तोंडी आहे, मुलांस आवडते, आणि तीन वर्षांपासून बावीस वर्षांपर्यंत चालते. त्याचा हा टिकाऊपणाच त्याच्या कर्त्याच्या कसोशीची साक्ष देतो.

पण जुनेपणाचे एक स्वतंत्र गणित आहे. न्यूझीलंडात स्थायिक झालेले जेम्स फ्लिन हे मूळचे राज्यशास्त्राचे प्राध्यापक. १९८४ साली त्यांनी अमेरिकेतील जुनी कोष्टके एकमेकांशेजारी ठेवून पाहिली, आणि १९८७ मध्ये चौदा देशांची. त्यांस दिसले ते असे, की नव्या पिढीची मुले जुन्या प्रश्नांत जुन्या मुलांपेक्षा पुढे जातात. अमेरिकेत दर दहा वर्षांस सुमारे तीन गुणांनी. मुले जात्या अधिक बुद्धिमान झाली की शाळा, अन्न, चित्रे, यंत्रे ह्यांनी त्यांचे डोळे तरबेज झाले, हा वाद अजून चालू आहे. आम्हांस येथे एवढेच पाहावयाचे आहे, की जुन्या कोष्टकाशी ताडलेले आजचे मूल आहे त्यापेक्षा उंच दिसते. आजोबांच्या अंगरख्यावर नातवाची उंची मोजण्यासारखे ते होते.

आता दुकानदाराच्या मुलाचे चौऱ्याहत्तर पुन्हा हाती घ्या. त्या वेळच्या नियमांप्रमाणे दाखल्यास लागणारे चाळीस टक्के भरण्यासाठी आकडा सत्तरीच्या आत यावा लागे. चौऱ्याहत्तर म्हणजे सीमारेषेवरचा. दाखला नाही, दाखला नाही म्हणून परीक्षेत सवलत नाही, निराळी शिकवणी नाही. कोष्टक १९६७ च्या आवृत्तीपासूनच जुने धरले तरी २०१४ पर्यंत सत्तेचाळीस वर्षे होतात. फ्लिनची अमेरिकन गती लावली तर चौदा गुण वजा करावे लागतील. १९३४ पासून धरली तर चोवीस. ही गती मराठवाड्यास तशीच लागू पडते असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. दुसऱ्या मुलखाचे माप उसने घेण्याचा दोष ज्यांस लावला त्यांच्याच पंक्तीस आम्ही बसू. उलट बाजूने, शहरी मराठीत पुसलेला प्रश्न त्या मुलास कळला नसेल, आणि त्याचा आकडा आहे त्याहून खाली आला असेल, हेही संभवते. मुलगा आम्हांस म्हणाला होता, "त्या बाई लई भरभर बोलत होत्या." दोन चुका विरुद्ध दिशांस ओढतात म्हणून त्या एकमेकींस फेडतात असे समजणे हा आळशी हिशेब झाला. त्या आकड्याच्या पोटात किती चूक आहे हेच कोणी मोजलेले नव्हते, आणि सत्तर व चौऱ्याहत्तर ह्यांतील चार गुणांवर मात्र एका मुलाची पुढली दहा वर्षे टांगली होती.

आम्ही बापास हे सगळे सांगितले काय? सांगितले, अर्थात थोडक्यात आणि पायलीच्या भाषेत. शंभर म्हणजे त्याच्या वयाचा मधला मुलगा, शंभरातले गुण नव्हेत. हे माप दुसऱ्या मुलखात, पुष्कळ वर्षांपूर्वी घडविलेले आहे. मापणारी माणसे लबाड नाहीत, पण हे माप एकदा दुसऱ्या मापाशी ताडून पाहिले पाहिजे. तो व्यापारी माणूस. त्यास हे शिक्षणखात्यापेक्षा लवकर कळले. म्हणाला, "म्हंजे काट्यावर शिक्का जुना हाय."

दोन वर्षांनी त्याने मुलास दुसऱ्या ठिकाणी नेले. तेथे नव्या पद्धतीचे माप होते आणि मोजणाऱ्या बाई परभणीकडच्या, म्हणजे बोलीने आमच्याच. दोन बैठका झाल्या. ह्या वेळी आकडा आला त्रेसष्ट. दाखला मिळाला, आणि वर्गात बाजूस बसून शिकविणाऱ्या एका शिक्षकाची सोयही पुढे झाली. त्रेसष्ट हा अंतिम आकडा, असेही आम्ही समजत नाही. त्या कोष्टकातही आमच्या गावची किती मुले बसली होती हे त्या कागदावर लिहिलेले नव्हते.

मुलगा आता मोठा झाला आहे. संध्याकाळी दुकानात बसतो. पन्नासाची नोट दिली तर मोड बरोबर देतो. दोनशेची दिली तर बापाकडे पाहतो. परवा गावी गेलो असता बापाने लोखंडी पेटीतून ते दोन्ही कागद काढून आमच्यापुढे ठेवले, आणि ह्यांतला कोणता ठेवायचा नि कोणता टाकायचा, असे विचारले. दोन्ही ठेवा, असे आम्ही सांगितले, आणि पेन मागून घेऊन पहिल्या कागदाच्या मापाच्या नावापुढे 'धारवाड, १९३४' एवढे लिहून दिले.